व्होल्टमीटरने स्पिन-करंट कसा पकडायचा: सांगली-साताऱ्याच्या एमएस्सीवाल्यांसाठी

सेमीकंडक्टरमधला स्पिन-करंट मोजला, असं शोधनिबंधात लिहिलेलं असतं तेव्हा प्रत्यक्षात मोजलेलं असतं ते व्होल्टेज, आणि तेही काही मायक्रोव्होल्टचं. स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा ‘अप’ किंवा ‘डाउन’ दिशेचा अंगभूत चुंबकी गुण, दाखवणारा मीटर बाजारात मिळत नाही. म्हणून या प्रयोगातलं खरं कष्टाचं काम व्होल्टेज मिळाल्यावर सुरू होतं: ते स्पिनचंच आहे हे समोरच्याला पटवून द्यायचं असतं. नुसतं व्होल्टेज काय, ओल्या बोटांत मल्टिमीटरच्या दोन पिना धरल्या तरी मिळतं.

सांगली, मिरज, कराड, साताऱ्याकडची मुलं-मुली प्रोजेक्टसाठी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत जातात. तिथे नमुना कदाचित तयार मिळतो, पण यंत्रावरचा वेळ मोजून-मापून मिळतो आणि त्यातला बराचसा वायरिंग समजून घेण्यात जातो. ती तयारी इथूनच करून जावी, यासाठी हा लेख. हॉल इफेक्ट केलेला आहे आणि बँड डायग्राम वाचता येतो, एवढं मी गृहीत धरतो. ज्यांचं कुठे जायचं ठरलेलं नाही, त्यांनाही आकडेमोड, पेन्सिलचा प्रयोग आणि हॉल किटवरचा सराव कॉलेजात करता येईल.

आधी, मोजायचं काय आहे

लोखंडासारख्या लोहचुंबकातून येणाऱ्या करंटमध्ये एका दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन जास्त असतात आणि उलट दिशेचे कमी. हा करंट सेमीकंडक्टरमध्ये सोडला की कॉन्टॅक्टखाली जास्तीच्या स्पिनचा साठा तयार होतो. तो कायम टिकत नाही. प्रत्येक पदार्थाचं एक स्पिन-आयुर्मान असतं. तेवढ्या वेळात स्पिन विसरणाने (डिफ्यूजनने) जितकं दूर पसरतं, ते अंतर म्हणजे स्पिन-विसरण लांबी. विसरण गुणांक आणि आयुर्मान यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेतलं की ती मिळते.

आता नॉन-लोकल मांडणी. सेमीकंडक्टरच्या पट्टीवर, म्हणजे चॅनेलवर, ओळीने चार कॉन्टॅक्ट असतात. डावीकडून १ आणि ४ साधे, मधले २ आणि ३ लोहचुंबकाचे. करंट २ मधून आत सोडायचा आणि १ मधून बाहेर काढायचा. व्होल्टेज मोजायचं ३ आणि ४ यांच्यात, म्हणजे जिथून करंट जातच नाही तिथे. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती भरलेली गाडी एका दिशेला निघून जाते, वास मात्र दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत जातो. तसा इथे विद्युतभार डावीकडे जातो आणि स्पिन दोन्हीकडे पसरतं. ३ च्या दिशेने जितके ‘अप’ इलेक्ट्रॉन जातात तितकेच ‘डाउन’ उलट येतात, म्हणून निव्वळ विद्युतप्रवाह शून्य. पण ३ हा स्वतः चुंबक असल्यामुळे त्याचं चुंबकत्व स्पिनच्या साठ्याशी समांतर आहे की विरुद्ध, यावर त्याची विद्युत पातळी किंचित वर किंवा खाली सरकते. एका चुंबकाची दिशा उलटली की व्होल्टेज बदलतं. सगळा प्रयोग या एका वाक्यावर उभा आहे.

मार्क जॉन्सन आणि सिल्सबी यांनी हे १९८५ मध्ये ॲल्युमिनियममध्ये करून दाखवलं. सेमीकंडक्टरला मात्र वेळ लागला. १९९९ मध्ये सेमीकंडक्टरमध्ये स्पिन सोडल्याचा पुरावा एलईडीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवणावरून मिळाला. आत सोडणं आणि बाहेर ओळखणं ही दोन्ही कामं विद्युत पद्धतीने जमली ती २००७ मध्ये: मिनेसोटा विद्यापीठात पॉल क्रोवेल यांच्या गटाने लोह आणि गॅलियम आर्सेनाइडवर आडव्या उपकरणात, तर इयान ॲपलबॉम आणि सहकाऱ्यांनी १० मायक्रोमीटर सिलिकॉनमधून, वेगळ्या ‘हॉट इलेक्ट्रॉन’ पद्धतीने. ॲल्युमिनियम ते सेमीकंडक्टर या बावीस वर्षांच्या अंतराचं एक मोठं कारण पुढे कॉन्टॅक्टच्या पायरीत येईल.

पहिली पायरी: कागदावर सिग्नल काढा

यंत्राला हात लावण्याआधी किती मायक्रोव्होल्ट अपेक्षित आहेत हे माहीत हवं. टनेल कॉन्टॅक्ट (चुंबक आणि चॅनेल यांच्यात पातळ अडथळा असलेले) असतील तर समांतर आणि विरुद्ध या दोन स्थितींमधला नॉन-लोकल रोधाचा (३-४ मधलं व्होल्टेज भागिले सोडलेला करंट) फरक असा काढतात: ध्रुवणाचा (करंटमध्ये एका दिशेचं स्पिन किती टक्के जास्त, त्याचा) वर्ग, गुणिले चॅनेलची रोधकता, गुणिले स्पिन-विसरण लांबी, भागिले चॅनेलच्या छेदाचं क्षेत्रफळ. मग दोन चुंबकांमधल्या अंतराप्रमाणे घातांकी घट.

उदाहरण घेऊ. रोधकता ०.०१ ओहम-सेंटिमीटर, स्पिन-विसरण लांबी १ मायक्रोमीटर, चॅनेल १० मायक्रोमीटर रुंद आणि अर्धा मायक्रोमीटर जाड, ध्रुवण २० टक्के. ध्रुवणाचा वर्ग सोडून बाकीचा गुणाकार २० ओहम येतो. २० टक्क्यांचा वर्ग ०.०४, म्हणून ०.८ ओहम. दोन चुंबकांमध्ये १ मायक्रोमीटर अंतर असेल तर ०.२९ ओहम उरतात, २ असेल तर ०.११, ३ असेल तर ०.०४. करंट १० मायक्रोॲम्पिअर सोडला तर अनुक्रमे २.९, १.१ आणि ०.४ मायक्रोव्होल्ट.

आता गोंगाटाचा हिशेब. शोधणाऱ्या कॉन्टॅक्टचा रोध १० किलोओहम असेल तर खोलीच्या तापमानाला त्याचा स्वतःचा औष्णिक गोंगाट १ हर्ट्झ बँडविड्थमध्ये सुमारे १३ नॅनोव्होल्ट. म्हणजे ०.४ मायक्रोव्होल्टसुद्धा आवाक्यात आहेत. पण अंतर ६ मायक्रोमीटर केलं की सिग्नल २० नॅनोव्होल्टवर येतो आणि रात्रभर सरासरी घेत बसावं लागतं. प्रोजेक्टमध्ये ‘सिग्नल दिसला नाही’ असा निष्कर्ष लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी हा अर्ध्या पानाचा हिशेब आधी केलेला असतो, याची मला शंका आहे.

दुसरी पायरी: नमुना हातात आला की आधी कॉन्टॅक्ट तपासा

चुंबक थेट सेमीकंडक्टरवर बसवला तर स्पिन आत जात नाही. २००० मध्ये श्मिट आणि सहकाऱ्यांनी याचं कारण मांडलं: दोन्हींच्या वाहकतेत प्रचंड तफावत. रोधकता गुणिले स्पिन-विसरण लांबी हा ‘स्पिन-रोध’ धरला, तर वरच्या आपल्या चॅनेलसाठी तो १०० ओहम-चौरस मायक्रोमीटर येतो. लोखंडाची विसरण लांबी काही नॅनोमीटरच असल्याने त्याचा आकडा याच्या साधारण एक लाखांश. स्पिनच्या दृष्टीने मोठा रोध सेमीकंडक्टरचा असतो, आणि तो ‘अप’ आणि ‘डाउन’मध्ये काही फरक करत नाही. त्यामुळे करंट जवळजवळ अर्धा-अर्धा वाटला जातो. त्याच वर्षी रश्बा यांनी उपाय सुचवला: मध्ये टनेल बॅरियर घाला. त्याचा रोध स्पिनवर अवलंबून असतो आणि चॅनेलच्या स्पिन-रोधापेक्षा मोठाही असतो, त्यामुळे मग बॅरियरचं चालतं.

बॅरियर दोन प्रकारे करतात. एक, मॅग्नेशियम ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटरचा थर. दुसरा, गॅलियम आर्सेनाइडमध्ये पृष्ठभागालगत भरपूर डोपिंग करून शॉटकी अडथळाच (धातू आणि सेमीकंडक्टरच्या सीमेवर आपोआप तयार होणारा) इतका पातळ करायचा की इलेक्ट्रॉन त्यातून टनेल होतील.

तुमच्या हाती काय आलंय हे करंट-व्होल्टेज आलेखावरून कळतं. शून्याजवळ रेघ, मग हळूहळू वळण, हे चांगलं लक्षण. त्याहून महत्त्वाची तापमानाची कसोटी. खोलीच्या तापमानापासून ७७ केल्विनपर्यंत नेल्यावर कॉन्टॅक्टचा रोध थोडासाच वाढायला हवा. कितीतरी पटींनी वाढला, तर इलेक्ट्रॉन टनेल होत नाहीत, उष्णतेच्या जोरावर अडथळ्यावरून उड्या मारतायत. उलट कमी झाला, तर बॅरियरमध्ये भोकं पडून धातू खाली टेकलाय; तो कॉन्टॅक्ट सोडून द्या. द्रवरूप नायट्रोजन आपल्या भागात दुर्मिळ नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी त्याचे कंटेनर तालुक्या-तालुक्याला फिरतात. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र आणि योग्य भांडं असेल तर थोडा मिळणं अशक्य नाही. मात्र बंद खोलीत ओतू नका आणि घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये कधीही भरू नका, वायूच्या दाबाने तो फुटतो.

एक सक्त सूचना. टनेल बॅरियर स्थिर विद्युतने मरतो. मनगटाला ग्राउंडिंगचा पट्टा बांधा, आणि तारा जोडताना-सोडताना चारही टोकं जमिनीला जोडलेली असू द्या. त्यासाठी प्रत्येक तारेला ग्राउंडचा स्विच असलेला छोटा डबा करून घेतात. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत तर स्वेटर घालून नमुन्याजवळ जाऊच नका.

तिसरी पायरी: पेन्सिल, कागद आणि गळका करंट

नॉन-लोकल व्होल्टेज शून्य नसलं की लगेच स्पिन म्हणायचं नाही, हे हाताला कळण्यासाठी हा प्रयोग. खर्च दहा-वीस रुपयांचा.

जाडसर ड्रॉइंग पेपरवर २ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब पट्टी आखा. ८बी पेन्सिलने ती चकाकेपर्यंत भरा, आधी उभी, मग आडवी, मग पुन्हा उभी. फिकट ठिपका राहिला तर तिथून करंट वळसा घेतो आणि आकडे बिघडतात. पट्टी कापून घ्या. डाव्या टोकापासून ४ सेंटिमीटरवर वरच्या आणि खालच्या काठाला समोरासमोर दोन छोट्या क्रोकोडाइल क्लिप लावा. चिमट्याखाली ॲल्युमिनियम फॉइलची घडी ठेवली तर शिसं खरवडत नाही. या झाल्या करंटच्या. ९ व्होल्टची बॅटरी, मालिकेत पोटेन्शिओमीटर आणि मायक्रोॲमीटर जोडून ०.१ मिलिॲम्पिअर सोडा. मग २, ४ आणि ६ सेंटिमीटर पुढे जाऊन तशाच समोरासमोरच्या काठांवर व्होल्टेज मोजा.

इथे स्पिनचा काहीही संबंध नाही, तरी व्होल्टेज येतं. समोरासमोरच्या दोन काठांमध्ये वाहणारा करंट बाजूलाही थोडा फुगतो आणि ती शेपटी दूरवर जाते. पट्टीचा चौरस-रोध (शीट रेझिस्टन्स) ५ किलोओहम असेल, तर एका रुंदीइतक्या अंतरावर सुमारे २७ मिलिव्होल्ट मिळायला हवेत, दोन रुंदीवर १.२ मिलिव्होल्ट, तीन रुंदीवर ०.०५. प्रत्येक रुंदीला साधारण तेवीसपट घट. तुमचे आकडे याच्या दीडपट-दुप्पट इकडेतिकडे असतील, कारण हाताने भरलेलं शिसं सारखं नसतं. उताराची रेघ मात्र लॉग कागदावर सरळ येते. अगदी दूरच्या बिंदूवर आकडा अडकून बसला, तर काठांवरच्या चिमट्या नेमक्या समोरासमोर नाहीत.

खऱ्या स्पिन उपकरणात चुंबकाची पट्टी चॅनेलच्या पूर्ण रुंदीवर आडवी बसलेली असते. करंट सगळ्या रुंदीतून सारखा उतरला तर ही शेपटी जवळजवळ नसते. पण बॅरियरमध्ये एका कोपऱ्यात भोक असेल तर सगळा करंट तिथूनच उतरतो आणि पेन्सिलची पट्टी तयार होते! यातून ओळखायची खूण निघते: गळक्या करंटची घट चॅनेलच्या रुंदीवर ठरते, स्पिनची घट विसरण लांबीवर. वेगवेगळ्या रुंदीची दोन उपकरणं मोजली की दोन्ही वेगळे पडतात.

चौथी पायरी: वायरिंग, लॉक-इन आणि महावितरण

मायक्रोव्होल्टच्या दुनियेत प्रत्येक सांधा बॅटरी असतो. स्वच्छ तांबं-तांबं सांध्याला अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.२ मायक्रोव्होल्टच, पण गंजलेल्या तांब्याच्या सांध्याला १००० मायक्रोव्होल्टपर्यंत. सांगलीच्या पावसाळ्यात चार महिने दमट हवेत पडून राहिलेले क्लिप वापरणार असाल, तर आधी पॉलिश पेपरने घासा. पंख्याचा झोत नमुन्यावर नको.

अशा संथ औष्णिक व्होल्टेजवर दोन उपाय. पहिला, करंट उलटसुलट करून दोन वाचनांच्या फरकाचा निम्मा घेणं. हा कॉलेजमध्येही होतो. दुसरा, लॉक-इन ॲम्प्लिफायर: विशिष्ट वारंवारतेचा एसी करंट सोडायचा आणि त्याच वारंवारतेचं व्होल्टेज वेचून घ्यायचं. वारंवारता कमी ठेवा, १३ किंवा १७ हर्ट्झच्या आसपास, आणि ५० हर्ट्झच्या पटींशी किंवा सोप्या अपूर्णांकांशी न जुळणारी. म्हणजे २५ नको, १०० तर नकोच. ट्यूबलाइट, यूपीएस, शेजारच्या लॅबमधली मोटर, सगळे ५० च्या पटीत बोलतात. इन्व्हर्टरवर मोजणी शक्यतो करू नका. स्वस्त इन्व्हर्टरची लहर साइन नसते आणि तिचे तुकडे सगळीकडे पसरतात.

फेज बघायला विसरू नका. खरा रोधासारखा सिग्नल करंटशी समफेज असतो. काटकोनातला भाग मोठा येत असेल तर तारांच्या धारकतेतून गळती होतेय. वारंवारता निम्मी करून पाहा, तो कमी होईल. दुप्पट वारंवारतेचा सिग्नल वेगळा नोंदवा. तापण्यामुळे होणारे परिणाम करंटच्या वर्गाबरोबर वाढतात, म्हणून ते तिथे दिसतात.

आता एक अशी गोष्ट, जी पुस्तकात क्वचित लिहिलेली असते. १० मायक्रोॲम्पिअर करंट १० किलोओहमच्या कॉन्टॅक्टमधून जातो तेव्हा ०.१ व्होल्ट तयार होतात, आणि ग्राउंड कुठे आहे त्यावर अवलंबून चॅनेल अख्खंच तेवढं वर-खाली होतं. लॉक-इन दोन टोकांमधला फरक मोजतो, पण सामायिक व्होल्टेज तो पूर्ण पुसू शकत नाही. १०० डेसिबलचं नकारण धरलं तरी ०.१ व्होल्टचा एक लाखावा भाग, म्हणजे १ मायक्रोव्होल्ट, खोटा सिग्नल म्हणून पुढे जातो. आपला खरा सिग्नलही तेवढाच! म्हणून संतुलित करंट स्रोत वापरतात, किंवा ग्राउंड १ कडून २ कडे हलवून वाचन बदलतं का ते बघतात. बदललं तर ती पातळी खोटी.

पाचवी पायरी: स्पिन-व्हॉल्व्ह मोजणी

चुंबकाच्या दोन पट्ट्या वेगवेगळ्या रुंदीच्या केलेल्या असतात. अरुंद पट्टीला उलटायला जास्त चुंबकक्षेत्र लागतं. क्षेत्र पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने लावा. आधी एका बाजूला पूर्ण संतृप्त करा, समजा उणे १००० गाउस, मग हळूहळू शून्यातून अधिककडे या. रुंद पट्टी आधी उलटते, व्होल्टेज एका पातळीवरून दुसरीवर उडी मारतं. पुढे अरुंद उलटते आणि व्होल्टेज मूळ पातळीला परत येतं. उलट्या दिशेने जाताना हाच खड्डा शून्याच्या दुसऱ्या बाजूला दिसला पाहिजे. लॉक-इनचा टाइम कॉन्स्टंट १ सेकंद असेल तर प्रत्येक बिंदूवर निदान ५ सेकंद थांबा. घाईने फिरवलेल्या क्षेत्रात उडीचा उतार होतो.

क्षेत्राचा आकडा पॉवर सप्लायच्या करंटवरून काढू नका, गाउसमीटरचाच घ्या. इलेक्ट्रोमॅग्नेटच्या लोखंडात काही गाउस, कधी काही दहा गाउस, शिल्लक राहतातच. पृथ्वीचं आपल्याकडचं क्षेत्र ०.४ गाउसच्या आसपास, त्याची इथे फिकीर नाही.

उडी दिसली म्हणून नाचू नका. अजून ‘मायनर लूप’ राहिलाय. पहिली उडी झाली की तिथेच थांबून क्षेत्र शून्यावर परत आणा. रुंद पट्टी उलटलेलीच राहते, त्यामुळे शून्य क्षेत्रात दोन वेगळी व्होल्टेज मिळतात: एक समांतर स्थितीचं, एक विरुद्ध स्थितीचं. शून्य क्षेत्रात चॅनेलचा मॅग्नेटोरेझिस्टन्स (क्षेत्राने रोध बदलणं) नाही आणि बाह्य क्षेत्राचा हॉल इफेक्टही नाही. मला विचाराल तर पूर्ण फेरीच्या देखण्या आलेखापेक्षा हा साधा मायनर लूप जास्त बोलतो.

सहावी पायरी: हॅन्ले, म्हणजे खरी परीक्षा

विल्हेल्म हॅन्ले यांनी १९२४ मध्ये पाऱ्याच्या वाफेतून येणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण चुंबकक्षेत्रात कसं पुसलं जातं हे दाखवलं. आपण तीच कल्पना इलेक्ट्रॉनवर वापरतो. क्षेत्र आता नमुन्याच्या पृष्ठभागाला लंब लावायचं. पट्ट्यांचं चुंबकत्व पृष्ठभागातच राहतं, पण चॅनेलमधले स्पिन क्षेत्राभोवती गिरक्या घेऊ लागतात. शोधकापर्यंत पोचेपर्यंत सरासरी पाव फेरा झाला तर सिग्नल शून्य, अर्धा झाला तर उलटा. क्षेत्र आणखी वाढवलं की प्रत्येक इलेक्ट्रॉन वेगळ्या वेळी पोचत असल्यामुळे सगळे विस्कटतात आणि सिग्नल पुसला जातो.

समांतर स्थितीत हा वक्र घ्या, मग मायनर लूपने विरुद्ध स्थिती तयार करून पुन्हा घ्या. दोन्ही एकमेकांचे आरशातले असले पाहिजेत आणि मोठ्या क्षेत्राला एकमेकांत मिसळले पाहिजेत. दोन्हींची वजाबाकी केली की हॉल इफेक्टची तिरपी रेघ आणि मॅग्नेटोरेझिस्टन्सचा वाडगा आपोआप जातो, उरतो तो स्पिनचा भाग.

वक्राच्या रुंदीवरून आयुर्मान निघतं. तीन टोकांच्या मांडणीत, जिथे स्पिन सोडणारा आणि शोधणारा कॉन्टॅक्ट एकच असतो, लोरेंट्झ आकाराच्या वक्राची अर्धी रुंदी गाउसमध्ये आणि आयुर्मान नॅनोसेकंदात घेतलं, तर जी-घटक (क्षेत्रात स्पिन किती वेगाने गिरकी घेतं ते ठरवणारा आकडा) २ साठी त्यांचा गुणाकार ५७ येतो. ५७ गाउसची अर्धी रुंदी म्हणजे १ नॅनोसेकंद. गॅलियम आर्सेनाइडमध्ये जी-घटक उणे ०.४४ असल्याने हाच गुणाकार सुमारे २६० होतो. तिथे १० नॅनोसेकंद आयुर्मानाला २६ गाउस. नॉन-लोकल वक्राला मात्र विसरण धरून पूर्ण समीकरण बसवावं लागतं. त्यातून आयुर्मान आणि विसरण गुणांक दोन्ही मिळतात. मग त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या आणि वेगवेगळ्या अंतरांच्या उपकरणांवरून आलेल्या विसरण लांबीशी ताडून पाहा. दोन वाटांनी एकच लांबी आली, तर परीक्षक काय विचारणार?

दोन खड्डे सांगून ठेवतो. लंब क्षेत्र फार वाढवलं तर पट्ट्यांचं चुंबकत्वच उभं राहू लागतं. लोखंडाला त्यासाठी २ टेस्लाच्या वर लागतं, पर्मॅलॉयला (निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूला) साधारण १ टेस्ला. काही शे गाउसला चिंता नाही. दुसरा, कमी तापमानाच्या गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉन आपलं स्पिन अणुकेंद्रकांना देतात आणि केंद्रकं उलट स्वतःचं क्षेत्र तयार करतात. मग वक्र सरकतो, एका बाजूला टोकदार होतो, आणि तुम्ही किती वेळ थांबलात यावर अवलंबून राहतो. अशा वेळी प्रत्येक बिंदूआधीची वाट सारखी ठेवा आणि ती वहीत लिहा. सिलिकॉनमध्ये हा त्रास जवळपास नाही, कारण त्यात केंद्रकीय स्पिन असलेले अणू ५ टक्क्यांहून कमी.

सातवी पायरी: संशयितांची हजेरी

मार्गदर्शक हे प्रश्न विचारण्याआधी स्वतः विचारा. चुंबकाच्या पट्टीचा स्वतःचा रोध चुंबकत्वाच्या दिशेनुसार बदलतो. नॉन-लोकल मांडणीत तो वाचनात यायला नको, तरी गळती असेल तर येतो. पट्टीच्या टोकांशी बाहेर पडणारं चुंबकक्षेत्र खालच्या चॅनेलमध्ये स्थानिक हॉल व्होल्टेज तयार करतं, आणि पट्टी उलटली की तेही उलटतं, अगदी स्पिनसारखं. हॅन्लेची कसोटी यालाच पकडते: लहान लंब क्षेत्राने स्थानिक हॉल पुसला जात नाही, स्पिन पुसला जातो. तापण्याचा परिणाम करंटच्या वर्गावरून ओळखा. शेवटी करंटच्या आणि व्होल्टेजच्या तारांची अदलाबदल करा. क्षेत्राची आणि चुंबकत्वाची दिशा उलटून तोच रोध मिळायला हवा.

एक उपकरण चुंबकाशिवाय, सोन्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं करून घ्या. त्यातही ‘सिग्नल’ आला तर बाकी सगळं थांबवा.

तीन टोकांची मांडणी आणि उलटा स्पिन हॉल

तीन टोकांच्या मांडणीला एकच चुंबक पुरतो, म्हणून ती करायला सोपी. २००९ मध्ये दाश आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनमध्ये खोलीच्या तापमानाला स्पिनचा साठा याच पद्धतीने दाखवला आणि मोठी खळबळ झाली. पण अशा मोजणीत येणारा सिग्नल सिद्धांतापेक्षा कित्येक पटींनी, काही वेळा हजारो पटींनी मोठा निघू लागला. त्याच वर्षी त्रान आणि सहकाऱ्यांनी बॅरियरच्या सीमेवरच्या अडकलेल्या पातळ्यांवर बोट ठेवलं होतं. २०१४ मध्ये साँग आणि डेरी यांनी दाखवलं, की बॅरियरमधल्या अशुद्धींतून होणारं टनेलिंगच चुंबकक्षेत्राने बदलतं आणि हॅन्लेसारखा वक्र देतं, चॅनेलमध्ये स्पिन न साठताही. म्हणून माझा सल्ला: तीन टोकांचा आलेख कॉन्टॅक्ट तपासण्यासाठी जरूर घ्या, पण चॅनेलमधल्या स्पिनचा एकमेव पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका.

उलटा स्पिन हॉल इफेक्ट ही शोधण्याची वेगळी वाट. प्लॅटिनमसारख्या जड धातूच्या पट्टीत स्पिन-करंट शिरला की ‘अप’ आणि ‘डाउन’ उलट दिशांना वळतात. दोघे उलट दिशांनी चाललेले असल्यामुळे वळून एकाच काठाला जमतात आणि आडवं व्होल्टेज मिळतं. २००६ मध्ये सैतोह यांच्या गटाने आणि वालेन्झुएला-टिंकहॅम यांनी हे धातूंमध्ये मोजलं. स्पिनची दिशा उलटली की चिन्ह उलटतं. इथे औष्णिक व्होल्टेजचा घोळ जास्त, कारण चुंबक तापला तरी तसंच आडवं व्होल्टेज येतं आणि तेही चुंबकत्वाबरोबर उलटतं.

इथे करता येण्यासारखा सराव

कॉलेजच्या जर्मेनियम हॉल किटवर ४ मिलिॲम्पिअर आणि २००० गाउसला साधारण १० मिलिव्होल्टच्या घरातलं हॉल व्होल्टेज येतं. ते एकदाच वाचून निघून जाऊ नका. क्षेत्र शून्य असतानाही जे व्होल्टेज दिसतं, ते कॉन्टॅक्ट समोरासमोर नसल्याचं. करंट अधिक-उणे आणि क्षेत्र अधिक-उणे अशा चारही जोड्या घ्या. त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून हॉलचा भाग, कॉन्टॅक्टच्या विस्थापनाचा भाग आणि औष्णिक भाग वेगळे करून तक्ता करा. मग करंट शंभर पटींनी कमी करून तेच पुन्हा करा. आता औष्णिक भाग हॉलच्या बरोबरीला येताना डोळ्यांसमोर दिसतो. नॉन-लोकल मोजणीत लागणारं डोकं हेच.

गाउसमीटर तपासायला हेल्महोल्ट्झ कॉइल वापरा: १० सेंटिमीटर त्रिज्या, प्रत्येकी २०० वेढे, १ ॲम्पिअर, मध्यभागी १८ गाउस. गाउसमीटर १६ दाखवत असेल तर प्रोब वाकडा धरलाय किंवा शून्य नीट केलेलं नाही.

पुढे नमुना बनवायला क्लीनरूम लागते. आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था इथे बाहेरच्या विद्यार्थ्यांना सुविधा वापरू देणारा आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राम) हा कार्यक्रम आहे. अर्ज करताना वरचा अर्ध्या पानाचा हिशेब आणि उपकरणाचं मोजमापांसह रेखाचित्र जोडा. पाच पानांच्या प्रस्तावनेपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

अहवालात वजाबाकी केलेल्या वक्राशेजारी कच्चा आलेखही द्या, पायाभूत पातळी न काढता. करंट, वारंवारता, फेज, टाइम कॉन्स्टंट, तापमान आणि क्षेत्र फिरवण्याचा वेग प्रत्येक आलेखाखाली लिहा. नमुन्याच्या डबीवर तारीख, चारही कॉन्टॅक्टचे रोध आणि कुठला कॉन्टॅक्ट मेलाय ते मार्करने लिहून, सिलिका जेलची पुडी टाकून डबी बंद करा. पावसाळ्यानंतर तोच नमुना पुन्हा मोजायचा असतो आणि रोध बदललाय की नाही, हे त्या आकड्यांवरूनच कळतं.